डोंगरी बेडकाची पोरं

काचपेटीतले बेडूकमासे कमी होत होते. मरत असते तर मेलेले तळाशी तरी दिसले असते. म्हणजे कुणीतरी नेत होतं, आणि कोण, हे बाळंतिणीच्या लेखी ठरल्यातच जमा होतं.

बाळंतीण म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात धाकटी संशोधक. लेक रांगायला लागली तरी हे नाव काही सुटेना. डोंगरावरच्या ओढ्याकाठी, खडकातल्या डबक्यातून तिने हे बेडूकमासे आणले होते. तिथला बेडूक मोजक्या लोकांनी पाहिलेला. त्याची पोरं कशी दिसतात, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. तोंडाची ठेवण, दातांच्या रांगा, शेपटीचा पडदा, सगळं तिने लेकीच्या झोपेच्या वेळा साधून रेखाटलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी चित्रं बाजूला सारली. त्या ओढ्यात आणखीही बेडूक नांदतात, ही पोरं याचीच कशावरून? एक तरी माझ्यासमोर बेडूक होऊ दे, म्हणाले. आता पेटी रिकामी झाली की सगळंच मुसळ केरात.

शेजारच्या टेबलावर भिंगबाई. तिचंही काम बेडकांवरच. दिवसभर भिंगाला डोळा लावून गप्प बसणारी ही बाई हल्ली पेटीपाशी घुटमळायची, खातात ना गं नीट, असं विचारायची. बाळंतिणीला तो गोडवा पचेना. लेकीला पाजतानाही डोक्यात भिंगबाईच. शेवटी निघताना तिने झाकणाच्या कडेला बारीकशी चिकटपट्टी लावली.

सकाळी पट्टी जशीच्या तशी. बेडूकमासे मात्र आणखी कमी.

उजेड नको म्हणून झाकण काळं, जाड होतं. खाणं ती कोपऱ्यातल्या फटीतून टाकायची. पोरं आत सोडल्यापासून झाकण पूर्ण असं कधी उचललंच नव्हतं. तिने ते उचलून उलटं केलं. आतल्या ओल्या बाजूला, पाण्याबाहेर, हरवलेले सगळे पोटाने चिकटून बसले होते. जिवंत. ओढ्यातल्या बाकी बेडकांची पोरं ओळखीची होती. त्यातलं एकही असं पाण्याबाहेर चढत नाही. म्हणजे ही त्या डोंगरी बेडकाचीच; बेडूक होण्याची वाट बघायची गरजच उरली नव्हती.

"म्हणजे तू घरी नेत नव्हतीस तर," मागून भिंगबाई म्हणाली.

"मी? मला वाटलं, तुम्ही..."

"ते कळलं मला. पट्टी दिसली ना काल."

दोघी ओशाळून हसल्या. पण झाकण आता दोघींच्या हातात होतं, आणि सोडत कुणीच नव्हतं. हा शोध आधी लिहील तिचंच नाव त्याला लागणार होतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. लेक बाटली तोंडात धरत नाही, रडून घसा बसलाय, ये लवकर.

झाकण वाळलं तर ही पोरं गेलीच. बाळंतिणीने हात काढून घेतला.

"ओलं ठेवा, ताई. पोटाचं चित्र मात्र मीच काढणार."

भिंगबाई पाणी शिंपडू लागली.

अर्ध्या जिन्यात बाळंतिणीच्या लक्षात आलं, भिंगबाई 'हो' म्हणाली नव्हती. ती क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. मग भराभर खाली उतरली.