दारापाशीची बाई

लक्ष्याने अंगणाचं काटेरी कवाड लाथेने आडवं पाडलं, तेव्हा नागली पाखडणाऱ्या पोशीचं सूप हातातच थांबलं. तिच्याजवळ नुकतंच भरून आणलेलं मडकं होतं. चैतात सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बाया मडकंभर पाण्यासाठी डोंगर उतरून झऱ्याला जात. लक्ष्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच त्याची दुसरी लाथ मडक्यावर बसली.

पाणी बघता बघता मातीत जिरलं.

"ओळखलंस ना?" तो म्हणाला. "का पुन्हा पाटलाने सांगायला पाहिजे?"

दोन वर्षांमागे भर दुपारी पोशीच्या झोपडीचं गवती छप्पर पेटलं होतं. ती आत तापाने फणफणून पडलेली. लक्ष्या जवळच रानात मधाची पोळी धुंडाळत होता. धूर बघून तो धावला, आत शिरला, तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं आणि माणसं बोलवायला झऱ्याकडे पळत सुटला. पळताना तो लोकांना दिसला. कातकऱ्याचा पोर आगीपासून पळतोय, एवढं त्यांना पुरलं. पोशी शुद्धीवर आली आणि तिनेही त्याचंच नाव घेतलं. जव्हारच्या कचेरीत त्याला शिक्षा झाली.

तुरुंगात खडी फोडताना त्याने एकच गोष्ट जपली. कचेरीच्या दारापाशी, भिंतीला टेकून बसलेली पोशी. अंगावर हिरवं लुगडं, तोंडाला पदर, आणि पदराआड ती हसतेय. दर घावाला तो ते आठवत होता. सुटल्यावर बायकोकडेही न जाता तो सरळ इथे चढून आला होता.

"मी तुला बाहेर काढली," तो म्हणाला. "मग खोटं का बोललीस?"

"खोटं?" पोशी उठून उभी राहिली. तिचा आवाज त्याच्याहून चढला. "माझं घर जाळलंस आणि वर मलाच इचारतोस? धुरात तुझं तोंड माझ्या तोंडावर होतं. हातात पेटतं लाकूड होतं."

"माझ्या हातात तुझी काख होती."

"लाकूड होतं. डाव्या हातात."

"तेव्हाच दिसलं तुला?"

कपाळाला आठ्या घालून पोशी मोडलेल्या कवाडाकडे बघू लागली.

"पाटील सारखा येऊन इचारायचा," ती हळू म्हणाली. "लाकूड होतं का, कुठल्या हातात होतं. आधी मला काय आठवत नव्हतं. मग एक दिवस आठवलं." तिने मान वर केली. "आता तर रोज दिसतं. तू काय सांगतोस मला?"

लक्ष्या तिच्या चेहऱ्यात खोटेपणा शोधत राहिला. ती रोखून त्याच्याकडेच बघत होती, डोळे भरून आले होते. खोटारडीचं काय करायचं ते तो ठरवून आला होता. या बाईचं काय करायचं ते त्याला कळेना, आणि त्यामुळे त्याचं डोकं आणखीच तापलं.

"मग कचेरीत हसत का होतीस?"

"कुठल्या कचेरीत?"

"जव्हारच्या. दारापाशी बसून."

"मी जव्हार बघितलंच नाय." पोशीने लुगडं जरा वर धरलं. घोट्यांपासून खाली कातडी आकसून चकाकत होती. "दिवाळीपर्यंत पाऊल टेकता येत नव्हतं. माझं सांगणं पाटलाने नेलं."

"थापा नको मारू. हिरवं लुगडं होतं तुझ्या अंगावर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मागून कुणीतरी धापा टाकत वर येत होतं. त्याची बायको सखी. तो सुटून सूर्यमाळच्या वाटेने गेल्याचं तिला कळलं होतं, आणि हातातलं काम टाकून ती निघाली होती. पडलेलं कवाड आणि मडक्याच्या खापऱ्या बघून ती जागीच थांबली.

"बरं झालं आलीस," लक्ष्या म्हणाला. "तू होतीस तिथं. सांग हिला. ही दारापाशी बसली होती का नाय?"

सखीने पोशीच्या पायांकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"दारापाशी मी बसले होते," ती म्हणाली. "दुसरी बाईच नव्हती तिथं."

"हिरवं लुगडं..."

"आईचं होतं. धड नेसायला दुसरं नव्हतं म्हणून मागून आणलं."

"तोंडाला पदर लावून हसत..."

"रडणं ऐकू आलं तर शिपाई हाकलून देईल, म्हणून पदर तोंडात कोंबला होता." सखी जवळ आली. "तू सारखा माझ्याकडं बघत होतास. मला वाटलं, जाताना डोळे भरून बघतोय."

लक्ष्याची मूठ अजून आवळलेलीच होती. सखीने ती आपल्या हातांत धरली. "चल घरी," ती म्हणाली.

सखी खोटं बोलत नव्हती. ते त्याला दिसत होतं, पटतही होतं. तिचा चेहरा तिथे बसवून बघावा म्हणून त्याने डोळे मिटले.

दारापाशी पोशीच बसली होती, आणि हसत होती.