बटणबाई

आमच्या मुख्याध्यापिकेला मुलं पाठीमागे बटणबाई म्हणतात. पाठीमागे मीही म्हणते. वर्गात शिरल्या की त्या आधी बटणांकडे बघतात, मग मुलांकडे. मागे एकदा बिल थकलं आणि शाळेची वीज तोडली गेली, तेव्हापासून हे सुरू झालं. पंखे फक्त परीक्षेला. एरवी जो उठून बटण बंद करील त्याला बाईंची शाब्बासकी.

माझा वर्ग वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी मुलं पेंगतात, माझाही जीव शिकवण्यात राहत नाही. गेल्या आठवड्यात तर एक मुलगी फळ्यासमोर चक्कर येऊन पडली. म्हणून सौरऊर्जेचे साहेब शाळा बघायला येणार म्हटल्यावर मी देव पाण्यात घालून बसले होते. उन्हाची फुकट वीज आली की बटणबाईंचं काय चालणार!

साहेब घामाघूम होऊन छपरावरून उतरले आणि ऑफिसात मटकन खुर्चीत बसले.

"छप्पर झकास आहे. ऊन तर काय, विचारूच नका. पण बाई, तुमचा वापरच नाही. मी जुनी बिलं पाहिली. याहून जास्त वीज माझ्या घरी लागते. पॅनल मोजकी आलीत, ज्यांचा वापर जास्त त्या शाळा आधी."

"वापर नाही, कारण आम्ही जपून वापरतो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे ज्यांनी उधळली त्यांना मिळणार?" मी ताडकन बोलले.

साहेबांनी वाद घातला नाही. "सकाळपासून छपरंच चढतोय, ताई. नियम मी नाही केले. पुढच्या वर्षी पुन्हा बघणार आहेत. तोवर वापर वाढू द्या."

"आणि वाढलेलं बिल कोण भरणार?" बाईंनी विचारलं.

साहेब पाणी प्यायले आणि उठले.

मला बाईंचा भयंकर राग आला होता. चांगलं सुनवायचं म्हणून वळले, तर त्या टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवत होत्या. मी तशीच वर्गावर गेले.

दुपारी बाई जिना चढून माझ्या वर्गात आल्या. धाप लागली होती. त्यांनी सगळे पंखे लावले. पात्यांवरची धूळ उडाली, वह्यांची पानं फडफडली, मुलं हरखून वर बघत राहिली.

"तोडली वीज तर तोडू देत," त्या मला हळूच म्हणाल्या. "चालू राहू दे." आणि निघाल्या.

त्या दारापर्यंत पोचल्या नाहीत तोच ती चक्कर येऊन पडलेली मुलगी लगबगीनं उठली. तिनं पटापट सगळी बटणं बंद केली आणि शाब्बासकीसाठी हसऱ्या तोंडानं बाईंकडे बघत उभी राहिली.