शेळी धरायला कोण?

चन्नप्पाची बायको गंगम्मा वारली आणि घरात तिची म्हणून एक काळी शेळी तेवढी राहिली. उन्हाळ्यात तीही धापा टाकू लागली. पालमच्या गुरांच्या डॉक्टरांनी फुप्फुसाला सूज सांगितली आणि औषध दिलं.

"पाच दिवस, रोज नवी सुई. मानेच्या मांसात द्या, मांडीत टोचाल तर लंगडी होईल. सुई आत गेली की दट्ट्या आधी मागं ओढून बघा. रक्त आलं तर जागा बदला. हे औषध शिरेत गेलं तर शेळी जागच्या जागी मरते."

"आनि धरायला?"

"घरचं असेलच की कुणी."

घरचं म्हणजे गंगम्माच धरायची, शेळी गुडघ्यांत दाबून, हनुवटी वर करून. आता शेजारचा योगीराज आला. त्यानं मोटारसायकलचं हँडल धरावं तशी शिंगं धरली आणि लगेच उकिरड्यात बसला.

"काका, शेळी हाय का बैल?"

"तुला पाडलं म्हंजे बैलच. जा घरी."

तो गेला आणि शेळी अचानक शांत झाली. हनुवटी वर. मानेची कातडी एका जागी ताणलेली, बोटांनी धरल्यासारखी. चन्नप्पानं सुई टोचली. धांदलीत तो दट्ट्या रेटणार, तोच अंगठ्यावर काहीतरी गार टेकलं. त्यानं दट्ट्या मागं ओढला. सिरिंजमध्ये रक्ताची तार चढली.

त्यानं जागा बदलली. शेळी वाचली.

लिंगायतात माणूस गेलं की लिंगैक्य होतं, शिवात मिळून जातं. मागं घुटमळायची सोय नसते. म्हणून चन्नप्पानं हे कुणाला सांगितलं नाही. फक्त इंजेक्शनच्या वेळी तो धुतलेला सदरा घालू लागला. चौथ्या दिवशी शेळीनं योगीराजचं कुंपण खाल्लं, तेव्हा ती बरी झाली हे कळून चन्नप्पाचा चेहरा उतरला. पाचव्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, "गुडघे दुखायलेत का गं?" मानेची कातडी तेवढी आणखी ताणली गेली. जिवंतपणीही ती या कामात बोलू देत नसे.

सहाव्या दिवशी तो एसटीनं पालमला जाऊन आणखी एक सुई घेऊन आला. बाटलीत औषध उरलं होतं.

"काका, ठणठणीत शेळीला कशाला टोचायलाव?" योगीराज भिंतीवरून म्हणाला.

"एकदाच."

"डॉक्टर पाचच दिवस म्हनले ना?"

चन्नप्पानं शेळी स्वतःच कवेत दाबली. ती धडपडत होती. आज तिला आणखी कुणी धरलं नव्हतं. त्यानं सिरिंज उचलली आणि हात हवेतच थांबला. मनगटावर पकड बसली होती, गार आणि घट्ट. बांगडीची कड रुतत होती. शेळी निसटून कडब्याकडे गेली.

"काका, हात खाली घ्या की. असं काय करायलाव?"

"सोडंना की ती," चन्नप्पा म्हणाला.

बोटांतून सिरिंज गळून पडली. हात त्यानं तसाच वर राहू दिला.