लीनाची रिंग

उदयच्या फोनवर एकदा रिंग होऊन कट झाली की समजायचं, लीना डब्यासाठी खाली आलीय. फोन उचलायचा नाही, डबा घेऊन उतरायचं. इथे आखातात, अब्बासियात, डबे लावलेली सगळी माणसं अशीच रिंग देतात, फुकटात निरोप पोचतो. डबे करते उदयची बायको मालन, आणि बाकी सगळ्या डब्यांची रिंग तिच्याच फोनवर येते. लीनाची तेवढी उदयच्या.

"तिच्याकडे आधीपासून माझाच नंबर आहे ना," उदय म्हणाला होता.

आधीपासून म्हणजे कधीपासून, ते काही त्याने सांगितलं नव्हतं.

लीना नाशिकची, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. एकटी राहते, अरबी फाडफाड बोलते, आणि चाळिशी उलटली तरी तिची लिपस्टिक दुपारच्या ड्युटीलासुद्धा जागेवर असते. ती मालनला "वहिनी" म्हणते. उदयला मात्र नुसतं "उदय". एकीला वहिनी म्हणायचं, तर दुसऱ्याला दादा म्हणताना जीभ झडते का? मालनने हे कुणाला विचारलं नव्हतं. फक्त लीनाच्या पोळ्यांना तूप लावायचं सोडून दिलं होतं.

उदय एक्स-रे टेक्निशियन. त्याच्या क्लिनिकने अचानक त्याला काढून टाकलं. सलव्यातलं दुसरं क्लिनिक त्याला घ्यायला तयार होतं, पण जुने मालक बदलीच्या कागदावर सही देईनात. सही नाही तर नोकरी नाही, आणि इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला की दोघांनी बॅगा भरून लातूरला परत. उदयने लेबर ऑफिसात तक्रार केली. तो अर्जही अरबीत लीनानेच लिहून दिला, हे मालनला नंतर कळलं. मग मेसेज आला : मंगळवारी फोनवर सुनावणी, नऊ ते दोनच्या मधे कधीही.

मंगळवारी उदय इस्त्रीचा शर्ट घालून बसला.

"फोनवर शर्ट कुठं दिसतोय?" मालनने विचारलं.

"आवाजात फरक पडतो."

सकाळभर तो फोन उघडून बघत राहिला. शेवटी बॅटरी उतरली, तेव्हा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी चार्जिंगला लावला. एक वाजून गेला आणि एक रिंग होऊन कट झाली. उदयने नाव बघितलं, डबा उचलला, केसांवरून हात फिरवला आणि फोन चार्जिंगलाच सोडून गेला.

हा हात केसांवरून फिरवलेला मालनला कणकेत हात असतानाही दिसला.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. आता काय, डबा मिळाल्याचे आभार? वाज म्हणावं. मालनने कणीक जास्तच जोरात तिंबली. पण ही रिंग कट होईना. वाजतच राहिली. तेव्हा तिने मान वळवून बघितलं, तर नाव नाही, नुसता नंबर. कणकेच्या बोटांनी तिने फोन ओढला, आणि फोन तिच्या हातात गप्प झाला.

त्याच नंबरला उलटा फोन लावला, तर लागेना. मग ती तशीच लिफ्टने खाली आली. उदय आणि लीना बकालाच्या, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, सावलीत उभे. लीना काहीतरी सांगत होती आणि उदय हसत होता. नोकरी गेल्यापासून घरात तो असा हसला नव्हता.

मालनने फोन पुढे केला. तेवढ्यात त्यावर अरबीत मेसेज आला. लीनाने वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"गैरहजर लिहिलंय. या आठवड्यात योग्य कारण दिलं नाही तर फाईल बंद."

उदय बकालाच्या पायरीवर बसला. इस्त्रीचा शर्ट घालून.

"मी आजारपणाचं सर्टिफिकेट मिळवते," लीना म्हणाली. "आमच्याकडे एक डॉक्टर आहेत."

"नको," मालन म्हणाली. "सकाळपासून धडधाकट बसलेल्या माणसाला आजारी पाडू नका. आणि तुमचे उपकार आणखी नकोत."

शेवटचं वाक्य तिला गिळायचं होतं. ते आधीच बाहेर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तरीही लीनाच सोबत आली, कारण अरबी तिलाच येत होती. लेबर ऑफिसातली बाई मालनच्याच वयाची होती. तिने विचारलं ते लीनाने मराठीत सांगितलं. "फोन कुणाजवळ होता?"

"माझ्याजवळ," मालन म्हणाली.

"मग उचलला का नाही?"

मालनने एकदा उदयकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. सही नाही तर लातूर. तिने पदर नीट केला.

"सांगा तिला. मला वाटलं, ही पुन्हा रिंग देतेय. ही म्हणजे तुम्ही. माझा नवरा हिच्या रिंगेला केस सारखे करून जातो. म्हणून मी वाजू दिला."

लीना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

"हे सगळं सांगू, वहिनी?"

"सगळं. एकही शब्द गाळू नका."

लीनाने सांगितलं. खालमानेने, पण सगळं सांगितलं असावं, कारण ती बाई आधी मालनकडे, मग लीनाकडे, मग बराच वेळ उदयच्या केसांकडे बघत राहिली. मग तिने लीनाला काहीतरी विचारलं. लीनाने एका शब्दात उत्तर दिलं. बाई हसली आणि कीबोर्डवर बोटं चालवायला लागली.

"काय म्हणाली?" मालनने विचारलं.

"म्हणाली, खोटं बोलणारा इतकी लाजिरवाणी सबब आणत नाही. रविवारी पुन्हा फोन येईल. आणि फोन बायकोच्या हातात ठेवा."

"आणि तुम्हाला काय विचारलं?"

"विचारलं, तुम्ही या माणसाच्या कोण."

मालनने पुढचं विचारलं नाही.

रविवारी लीना रिंग न देता थेट वर आली. सोफ्यावर एका टोकाला उदय, दुसऱ्या टोकाला लीना, मधे फोन घेऊन मालन. जागा पुरत नव्हती, तरी ती मधेच बसली. अकराच्या सुमारास फोन वाजला. मालनने पहिल्याच रिंगला उचलला, लीनाच्या हातात दिला आणि तिचं तोंड बघत बसली. आपलं नशीब दुसरीच्या चेहऱ्यावर वाचायचं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. पलीकडून जुन्या क्लिनिकचा माणूस आवाज चढवत होता, ती बाई त्याला अडवत होती. लीना बोलली, ऐकलं, परत बोलली. मग तिने फोन ठेवला.

"उदयदादा," ती म्हणाली, "सही देतायत. गुरुवारी."

मालनने डोळे मिटून हात जोडले. मग उघडून नवऱ्याकडे बघितलं. उदय हसत होता, डोळ्यांत पाणीही होतं. पण त्या "दादा"वर त्याचा चेहरा एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, पडला होता. तो लीनाने बघितला नाही.

मालनने बघितला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि लीनाच्या पोळ्यांना तूप लावायला बसली. उदयच्या कोरड्याच ठेवल्या.