सांगवीच्या तात्यांना पाजलेला चहा

राजनंदिनीनं नोकरी सोडली तेव्हा घरच्यांनी तिला वेड्यात काढलं नाही, एवढंच काय ते कौतुक. बारामतीत एका सीएंच्या ऑफिसात तिनं लोकांचे हिशेब लिहिण्यात ऐन उमेद घालवली होती. चाळिशी उलटल्यावर तिनं एका ब्यूटी पार्लरच्या वरची खोली भाड्यानं घेतली, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि गिऱ्हाइकांची वाट बघत बसली. गिऱ्हाइकं यायची, पण पार्लरला. जिना चुकलेल्या नवऱ्या मुली तेवढ्या वर यायच्या आणि तिच्याकडं बघून खाली जायच्या.

पहिलं खरं काम आलं ते इंदापूरहून, बानूबाईचं. जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं त्यांचं, 'बिरदेव पशुखाद्य'. पेंड, भुसा, मक्याचा भरडा. बानूबाई स्वतः एसटीनं बिलांची पिशवी घेऊन आली. पिशवी मांडीवरच ठेवून पाणी प्याली, राजनंदिनीचं सासर-माहेर, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं आणि मगच पिशवी टेबलावर ठेवली.

"आमचं काय हाय-न्हाय ते ह्यात हाय, मॅडम," ती म्हणाली. "घरातसुदिक एवढं कुनाला ठावं न्हाय."

पिशवीत फार काही गुपित नव्हतं. एक होतं. पाटी नवऱ्याच्या, बिरदेवच्या नावाची असली तरी दुकान बानूबाईचं होतं. कर्ज बचत गटातनं मिळालं, ते बाईच्या नावावर. मग परवाना तिचा, बँकेतलं खातं तिचं, आणि अक्कलही तिचीच. मेंढरं विकल्यापासून बिरदेवच्या हाताला काम उरलं नव्हतं. तो गल्ल्यावर बसायचा. गिऱ्हाईक भावावरून अडलं की बानूबाई त्याच्याकडं वळून विचारायची, "मालक, थोडं कमी करू का?" मालक मिशीवरून हात फिरवायचे, जरा विचार करायचे आणि "कर" म्हणायचे. तोवर बानूबाईनं पोतं गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढवलेलंही असायचं. नवराबायकोचा हा खेळ वर्षानुवर्षं सुखात चालला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला सांगवीचे सावळाराम तात्या जिना चढून आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, दोन टेम्पो. हिशेब तुमच्याकडं द्यावा म्हणतो, असं त्यांनी बसता बसताच सांगितलं. राजनंदिनीनं वेलदोड्याचा चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर तात्यांनी खरं काम काढलं. त्यांच्या भाच्यासाठी बिरदेवची मुलगी सृष्टी बघितली होती. घर कसं आहे? त्यांचं सगळं तुमच्याकडं असतं म्हणं.

आपल्याकडं सोयरिकीची चौकशी ही काही चहाडी समजत नाहीत. किराणावाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणालाही विचारतात, आणि कुणी गप्प राहिलं तर घरातच खोट आहे असं धरून चालतात. राजनंदिनीनं पुढं स्वतःला ही सबब पुष्कळदा सांगितली. पण त्या वेळी तिच्या मनात सोयरीक नव्हतीच. तात्यांचे दोन टेम्पो होते.

"घर एकदम बावनकशी," ती म्हणाली. "बाई तर सोनं आहे. दुकान, बँक, सगळं त्यांच्याच नावावर. बिरदेवराव आपले बसायला."

आणि ती हसली. तात्याही हसले. चहा चांगला झाल्याचं सांगून गेले.

काम काही आलं नाही. बरेच दिवस वाट बघून तिनं फोन केला तेव्हा तात्या अगदी गोड आवाजात बोलले. "तुमी हुशार हाय, ताई. पन तुमच्यापाशी काय ऱ्हात न्हाय. आमचं आमी दुसरीकडं दिलंय."

फोन ठेवल्यावर तिचे कान तापले होते. खालच्या पार्लरातली मुलगी काही विचारायला वर आली, तर हिला तिच्याकडंही बघवेना.

त्या महिन्याची बिलं न्यायला ती इंदापूरला गेली. गल्ल्यावर कुणी नव्हतं. बानूबाई एकटीच पोती ओढत होती. चहा पिता पिता तिनं झालेलं सांगितलं. सुपारीच्या बैठकीला बिरदेव नवा फेटा बांधून मधोमध बसला होता. 'लग्न आमच्या दारात करू' असं तो म्हणाला, तेवढ्यात सावळाराम तात्यांनी मांडी थोपटली. "पावणं, तुमी कशाला शबूद देता? आदी तुमच्या मालकिनीला इचारा की. तुमी तर नुसतं बसायला." सगळी बैठक हसली. बिरदेवही हसला. लग्न ठरलं, साखर वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात आला नाही. मागच्या पत्र्याच्या शेडात शेळ्यांपाशी बसतो, भाकरीसुद्धा तिकडंच मागवतो.

"सारजानं सांगितलं," बानूबाई म्हणाली. सारजा तिची धाकटी जाऊ, माहेर सांगवीचं. "तिच्याबिगर कुनाला वास लागनार? पोरीच्या लग्नाला तिला बोलवायची न्हाय मी. तुमी परक्या, मॅडम, पन पोटात ठिवलं. सख्खी मानसं अशी."

राजनंदिनीनं चहा संपवला. पिशवी घेऊन ती स्टँडवर आली, बारामतीच्या गाडीत बसलीसुद्धा. गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. एका जावेशी दुसरी जाऊ बोलली नसती, इतकंच. जावा तशाही कुठं बोलतात. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं आणि तिच्या तोंडून बारामती निघेना. ती गाडीतनं उतरली.

बानूबाई एका म्हाताऱ्याला भरडा तोलून देत होती. तो जाईपर्यंत राजनंदिनी थांबली.

"सारजाबाईंनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं. तात्यांना."

बानूबाईनं तराजूवर सांडलेला भरडा हातानं गोळा करून पोत्यात टाकला. मग विचारलं, "का?"

चौकशीची, चालीरीतीची सबब जिभेवर तयार होती. राजनंदिनीनं ती गिळली. "मला त्यांचं काम पाहिजे होतं."

"मिळालं?"

"नाही."

"मंजे फुकटच की," बानूबाई म्हणाली. इतके दिवस राजनंदिनी मॅडम होती, ती आता नुसती 'तू' झाली. "मागं बसलाय. त्याला सांग जा."

बिरदेव शेळीच्या पायातला काटा काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण मान वर केली नाही.

"तुमी खोटं सांगितलं असतं, तर त्या तात्याच्या मुस्काटात दिली असती मी," तो म्हणाला. "खऱ्याला कशानं मारू?"

तुमचं काम सोडते, पिशवी परत देते, असं काहीसं ती पुटपुटली.

"ते मला इचारू नका," बिरदेव म्हणाला. "मालकिनीला इचारा."

शेडाच्या दाराशी बानूबाई येऊन उभी होती. तिनंही ते ऐकलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. राजनंदिनी मधे उभी होती आणि तिला वाटलं, ह्या घरात आपण चपला घालून देवघरापर्यंत आलो.

बानूबाईनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. हिशेब तूच लिहायचास, तिनं सांगितलं. नवा मानूस हुडकला तर त्याला परत सगळं दाखवावं लागंल. पण पिशवी बारामतीला जाणार नाही. महिन्यातनं एकदा इथं यायचं आणि माझ्या डोळ्यासमोर बसून लिहायचं. राजनंदिनीनं मान हलवली. नवशिक्या पोरीलाही कुणी असं बसवत नाही, पण तिला त्यात काही वावगं दिसेना.

मग दुकानाचं शटर ओढून दोघी सारजाच्या घराकडं निघाल्या. बानूबाई पुढं भराभरा चालत होती, मागचीसाठी थांबत नव्हती. दारात पोचल्यावर ती बाजूला झाली.

सारजा पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. किती दिवसांनी जाऊ दारात आली म्हणून तिचा चेहरा उजळला, आणि सोबत पाहुणी बघून तर तिनं घाईनं चटई अंथरली. "या की, बसा," ती राजनंदिनीला म्हणाली. "उन्हाच्या आलाय. आदी पानी घ्या, मंग बोलू."

तिनं तांब्या पुढं केला. राजनंदिनीनं तो घेतला नाही. ती उभीच राहिली आणि बोलायला लागली.