चार नंबरची कुंडी

साहेबांना कशातलं काही कळत नाही, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण? तिथे एकजात होयबा भरलेले. साहेब शिंकले तरी ते वहीत टिपून ठेवायचे. तिला त्यांची किळस यायची. सहा वर्षं त्यांच्यात काढूनही आपण त्यांच्यातल्या नाही, याचा तिला भारी तोरा होता.

काम खरं तर तीच करायची. बटाट्याचा स्टार्च आणि कोळंबीच्या टरफलांतून काढलेलं कायटोसान एकत्र शिजवायचं, त्यात चांदीचे नॅनोकण मिसळायचे, काचेवर पातळ ओतायचं आणि वाळलं की अलगद सोलायचं. प्लास्टिकऐवजी वापरायची आणि नंतर मातीत कुजून जाणारी फिल्म तयार. कोपऱ्यात बनवणाऱ्याने पक्क्या शाईने स्वतःचं नाव घालायचं, हा तिथला नियम.

एकदा एका फिल्मवर बुरशी आली. साहेबांचं पित्त खवळलं.

"चांदी दहापट टाक," ते म्हणाले.

"सर, चांदीने जंतू मरतात. मातीतले जंतूच तर फिल्म कुजवतात. तेच मेले तर ती कुजणार कशी?"

"तू हात चालव. डोकं चालवायला मी आहे."

डोकं म्हणे. केसांना कलप लावण्यापलीकडे त्या डोक्याचा काही उपयोग तिने आजवर पाहिला नव्हता. पण तिच्या प्रबंधावर साहेबांची सही व्हायची होती, आणि ती नाही झाली तर सहा वर्षं पाण्यात. तिने मुकाट्याने दहापट चांदी टाकली, नाव घातलं आणि कुजते का ते पाहायला फिल्म चार नंबरच्या कुंडीत पुरली.

तीन महिन्यांनी एका कारखान्याचे पाहुणे फिल्म कुजली का ते बघायला यायचे होते. त्या सकाळी साहेबांनी तिला आधी कुंडी उकरायला लावली. फिल्म निघाली ती नवी कोरी. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"काढून टाक. माती सारखी कर. प्रबंध आणलायस ना? दुपारी सही करतो."

लबाड, भित्रा माणूस, ती मनात म्हणाली. मग फिल्मची घडी करून तिने पर्समध्ये घातली आणि माती थापून सारखी केली.

पाहुण्यांसमोर साहेबांनी हातमोजे चढवून स्वतः कुंडी उपसली. मातीच माती. होयबांनी टाळ्या पिटल्या. एका म्हाताऱ्या पाहुण्याने तेवढं विचारलं, "मधे कुणी उकरली नव्हती ना?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

दुपारी सही झाली. घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"झालं का गं एकदाचं?"

"झालं, आई."

सासूबाई शेजारी सांगायला गेल्या, तशी ती बाल्कनीत गेली. तिथे त्यांची सालं-देठं टाकायची कुंडी होती. महिन्याभरात कोबीचा दांडासुद्धा त्यात उरत नसे. तिने फिल्म तळाशी दाबली आणि हात धुतले.

वर्षाने सासूबाई खत काढायला बसल्या. तळातून काहीतरी ओढून त्यांनी ते पुसलं.

"अगं, हे काय आहे?"

ती बाहेर आली, तिने पाहिलं आणि हात पुढे केला.

"आमच्या साहेबांचा मूर्खपणा आहे तो, आई. द्या इकडे."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि कोपरा उजेडात धरला.

"नाव तर तुझं आहे," त्या म्हणाल्या.