पंचाहत्तरवरून पंधरावर

अहो, त्या वजनकाट्याकडे काय बघताय? तो आकड्यापलीकडे तोंड उघडत नाही. इकडे, टेबलावर बघा. मी फळी बोलतेय, तान्ह्या बाळांची लांबी मोजायची फळी! उंची म्हणायला बाळ आधी उभं राहायला हवं. माझ्याकडे येते ती सगळी आडवी मंडळी.

सुताराकडे होते तेव्हा वाटायचं, आपण बंगल्याचं दार होणार, ऐटीत उघडझाप करणार. कसलं काय! त्याने माझ्या एका टोकाला डोक्यासाठी पक्की पाटी ठोकली, दुसऱ्या टोकाला पायांसाठी सरकती पाटी बसवली, कडेने आकडे काढले आणि धाडलं या दवाखान्यात. तेव्हापासून माझ्या अंगावर किती जणांनी कार्यक्रम उरकला, ते विचारूच नका. नर्सताई मुकाट्याने पुसून घेते. आई बिचारी ओशाळते.

माणसांची मात्र मोठी गंमत असते. टोपीचा गोंडा काढायचा नाही, मोजे काढायचे नाहीत आणि वर म्हणायचं, ‘पाय वाकडा आहे हो, थोडं जास्त धरा!’ अरे, मी काय भाजीवाली आहे घासाघीस करायला?

पण जीव टांगणीला लागला तो एका चिमुरडीच्या वेळी. दोन महिन्यांची होती. बरोबर आई आणि आजोबा. आजोबा निवृत्त हेडमास्तर, शिस्त अशी की चष्मासुद्धा कानावर सावधान उभा. मला वापरायला दोघं लागतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून पाटी टाचांना भिडवायची. त्या दिवशी दुसरी मदतनीस रजेवर होती.

“मी आहे ना!” म्हणत मास्तरांनी बाह्या सरसावल्या.

नर्सताईचं सगळं लक्ष डोक्याकडे. इकडे पोरीने पावलं ताणली आणि मास्तरांनी पाटी टेकवली ती थेट पायाच्या बोटांना. खणखणीत आवाजात आकडा पुकारला. मी जीव तोडून ओरडले असते, पण फळीला तोंड कुठलं?

डॉक्टरीणबाईंनी वाढीच्या तक्त्यावर ठिपका दिला. “पंचाहत्तरावा पर्सेंटाइल.”

“डिस्टिंक्शन!” मास्तरांना गगन ठेंगणं झालं. “घराण्याचं नाव काढलं पोरीने!”

पुढच्या महिन्यात नर्सताई आणि मदतनीस बाईंनी नीट मोजलं. ठिपका पडला पंधराव्यावर. मास्तरांचा चेहरा पडला तो पडलाच. डॉक्टरीणबाई काही समजावणार, तोवर ते नातीला उचलून तरातरा बाहेर. “महिन्याने पुन्हा आणा!” एवढंच त्या मागून ओरडू शकल्या.

महिन्याने आले ते निकाल लावूनच. माप पुन्हा पंधराव्यावरच.

“पंधरा!” मास्तर कडाडले. “अहो, पास व्हायलासुद्धा पस्तीस लागतात! मी घरी रोज सांगतोय, हिचं दूध पुरत नाही पोरीला.”

आईने मान वर केली नाही. “डॉक्टर, मी पावडरचा डबा आणून ठेवलाय,” ती म्हणाली. “उद्यापासून पाजणं बंद करते. माझ्यातच काहीतरी कमी असणार.” बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. लेक माझ्यावर पडून तिच्याकडे बघत हसत होती. माझं लाकडाचं काळीज, पण तेही चरकलं हो!

“थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजोबा, हे परीक्षेचे मार्क नाहीत. हिच्या वयाच्या शंभर मुली उंचीप्रमाणे रांगेत लावल्या, तर ही बुटक्या टोकाकडून साधारण पंधरावी. थोड्या हिच्याहून बुटक्या, बाकीच्या उंच. रांग म्हटली की पंधराव्या जागीही कुणीतरी असणारच ना? त्यात नापास काय? मूल आपल्या रेषेने वाढतंय का, ते बघायचं असतं.”

“मग ही खाली का घसरली?” आईने हळूच विचारलं.

“मलाही तेच कोडं पडलंय. वजन छान वाढतंय. जन्माचा ठिपका याच रेषेवर, गेल्या महिन्याचा इथेच, आजचाही इथेच. तो दोन महिन्यांचा तेवढा एकटाच वर उडालाय. कुणी मोजलं होतं तेव्हा?”

“मी स्वतः!” मास्तरांची छाती फुगली. “अगदी काटेकोर! दाखवतो ना.”

वाकले, पाटी सरकवली आणि टेकवली थेट बोटांना. नर्सताईने ओठ चावले. डॉक्टरीणबाईंनी पोरीचं पाऊल काटकोनात धरलं आणि पाटी टाचेला भिडवली. मास्तर आधी आकड्याकडे बघत राहिले, मग टाचेकडे. मग मटकन खुर्चीत बसले.

“जन्मभर पेपर तपासले,” ते पुटपुटले, “कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. आणि नातीला एकदम साठ वाढवून दिले!”

नर्सताईला हसू आवरेना. आईलाही आवरेना, पण तिचं हसू मध्येच रडण्याकडे वळलं. मास्तर उठले. जे घरात कधी झालं नसेल ते झालं.

“सूनबाई, चुकलो मी. महिनाभर तुला नाही नाही ते बोललो. पोरीचं पोट तू भरत होतीस, मोजता मला येत नव्हतं.”

एवढ्यात पोरीने भोकाड पसरलं. भूक लागली होती. आईने तिला उचललं, पदराआड घेतलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. ती अशी निवांत बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता माझ्या कडा झिजल्यात, सरकती पाटी मध्येच अडते. कपाटात एक नवी प्लास्टिकची आलीय, तिला म्हणे आकडे चमकतात. चमकू देत बापडे! जायच्या आधी एवढंच मागते. बाळाला आणाल तेव्हा मोजे काढा, टोपी काढा, पाटी टाचेला लावा. आकडा काहीही येवो, घरी जाऊन त्या आकड्याने बाळाच्या आईला झोडपू नका. बाळाची लांबी मी सांगेन. त्याची आई किती पुरते, ते मोजायला माझ्यावर आकडेच नाहीत.